जुने चार रिमोट अन् एक नवा पीएस५

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून पत्र आलंय. लिहिणारा सव्वीस वर्षांचा, बाबांसोबत शेती करतो आणि गावातच सेवा केंद्र चालवतो. घरी २०१८ पासून पीएस४ आहे, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं सोनी कंपनीचं प्लेस्टेशन ४. त्याला हातात धरून खेळायचे चार रिमोट (कंट्रोलर), दोन याचे स्वतःचे, एक काकाच्या पोराचा, एक शेजारच्या पोट्ट्यानं पैसे जमवून घेतलेला. शनिवारी रात्री लाइन असली की चौघं ओसरीत टीव्हीपुढे बसतात, क्रिकेट, फुटबॉल, मारामारीचा टेकन. आता पुण्याचा आतेभाऊ आपला पीएस५ पंचवीस हजारात देऊन राहिला, सोबत नवा रिमोट एकच. शहरातला दुकानदार म्हणाला जुने रिमोट नव्याला चालतच नाहीत, मित्र म्हणतो ब्लूटूथ आहे तं चालणारच. काका म्हणतात पीएस४ आणि चारही रिमोट विकून टाक, भंगार झालं ते. बाबांना अजून काहीच सांगितलं नाही. आता त्याला विचारायचंय की जुने रिमोट चालतील का, नाही चालले तं तीन नवे घ्यायचे का, आणि पीएस४ विकायचा का. "ताई, मला अरे-तुरेच करा" असंही शेवटी लिहिलंय.

भाऊ, तुझं पत्र वाचलं आणि मला सगळ्यात आधी तो शेजारचा पोट्टा दिसला. त्याचं नाव तू लिहिलं नाहीस पण "त्यानं सोयाबीनच्या कापणीला जाऊन पैसे जमवले होते" हे मात्र लिहिलंस, म्हणजे तुझ्या डोक्यात नुसता रिमोट नाही, तो रिमोट कोणाचा आहे हे पण आहे. ते मला फार आवडलं. म्हणून उत्तर जरा सविस्तर देते, आणि तुझ्यासारखे बरेच जण हेच विचारून राहिले म्हणून त्यांच्याही कामाचं थोडं सांगते.

दुकानदार आणि तुझा मित्र, दोघंही अर्धेच बरोबर आहेत. पीएस४ चा रिमोट, म्हणजे ड्युअलशॉक ४, पीएस५ ला जोडता येतो. त्यानं मेनूत फिरता येते, आणि पीएस५ वर पीएस४ चा गेम लावला तं तो त्या रिमोटनं शेवटपर्यंत खेळता येतो. पण पीएस५ साठी बनवलेला गेम लावला की स्क्रीनवर पाटी येते, या गेमला नवा रिमोट लागेल म्हणून, आणि जुना रिमोट तिथंच गप्प बसतो. चाबी कुलपात जाते, फिरते पण, फक्त वाड्यातल्या एकाच खोलीचं दार उघडते, तसं समज. हे सोनीनं २०२० च्या ऑगस्टमध्येच, पीएस५ बाजारात यायच्या आधी सांगून ठेवलं होतं.

म्हणजे "रिमोट चालते का" या प्रश्नाला हो किंवा नाही असं एकच उत्तर नाहीच. उत्तर गेमपाशी आहे. तुम्ही चौघं मिळून काय खेळता ते आधी पाहायचं.

तुझा मित्र ब्लूटूथचं म्हणतो ते चुकीचं नाही, रिमोट ब्लूटूथनंच जोडल्या जाते. पण जोडणं वेगळं आणि गेमनं त्याचं ऐकणं वेगळं. नव्या रिमोटमध्ये, ड्युअलसेन्समध्ये, दोन गोष्टी जास्तीच्या आहेत. एक म्हणजे मागची आर२-एल२ ची बटनं गेमप्रमाणे कडक-नरम होतात, धनुष्य ताणताना बोटाला जोर लागतो, ब्रेक दाबला की बटन उलटं ढकलते. दुसरं, थरथर पहिल्यासारखी सरसकट नसते, पावसाचा थेंब पडला तं बारीक, गाडी आदळली तं जाड, अशी वेगवेगळी लागते. कंपनीचं म्हणणं असं की पीएस५ चा गेम खेळताना हे हाताला लागलंच पाहिजे म्हणून नवाच रिमोट. मला स्वतःला हे पूर्ण पटत नाही आणि काहून ते पण सांगते. रिमोट प्ले नावाचं एक ॲप आहे, त्यातून घरातला पीएस५ मोबाइलवर नाही तं कॉम्प्युटरवर खेळता येतो, आणि तिथं मोबाइलला ड्युअलशॉक ४ जोडला तं तोच पीएस५ चा गेम त्याच जुन्या रिमोटनं चालते. म्हणजे जुन्या रिमोटची ताकद कमी पडली असं नाही, तो कंपनीनं घेतलेला निर्णय आहे. तेव्हा तुझे रिमोट "भंगार" झाले हे काकांचं म्हणणं मी काही मान्य करत नाही.

आता आमच्याकडे काय झालं ते ऐक. आर्वीकडे माझं माहेर, मागच्या दिवाळीत नागपूरचा भाचा आपला पीएस५ पिशवीत घालून घेऊन आला. माझ्या पोराचे दोन जुने रिमोट होते. भाच्यानं मोबाइलच्या चार्जरची वायर घेतली, रिमोटला लावली, दुसरं टोक पीएस५ ला. रिमोटची पट्टी नारंगी झाली, हळूहळू उजेड कमी-जास्त होऊन राहिला, पण स्क्रीनवर काहीच नाही. पीएस बटन दाबलं, पुन्हा दाबलं, काहीच नाही. माझा पोरगा रडवेला झाला, म्हणे मामांचा एक मित्र म्हणाला होता ते खरंच आहे, नव्याला जुना चालत नाही. मग माझ्या भावानं जुन्या प्रिंटरजवळच्या डब्यातून दुसरी वायर काढली, तिनं आधी फोटो कॉम्प्युटरमध्ये टाकायचो आम्ही. ती लावली, बटन दाबलं, आणि पट्टी निळी झाली, झालं. पहिली वायर नुसती चार्जिंगची होती, तिच्यातून करंट जाते पण डाटा जात नाही. नारंगी उजेड म्हणजे फक्त चार्ज होऊन राहिला. किती लोकांनी याच एका वायरपायी "चालत नाही" म्हणून रिमोट विकले असतील काय माहीत.

वायर नसली तरी जमते. पीएस५ च्या सेटिंगमध्ये ब्लूटूथ ॲक्सेसरीजचं पान उघडायचं आणि रिमोटचं शेअर बटन आणि मधलं पीएस बटन दोन्ही सोबत दाबून ठेवायचे, पट्टी भरभर लुकलुकायला लागली की स्क्रीनवर नाव येते, ते निवडायचं. एक लक्षात ठेव, रिमोट एका वेळी एकाच मशीनला ओळखतो. पीएस५ ला जोडला की वापस पीएस४ ला लावताना पुन्हा वायरनं जोडावा लागते. मधेच रुसला तं मागच्या बाजूला एल२ जवळ बारीक छिद्र आहे, त्यात टाचणीनं पाच सेकंद दाबायचं, रीसेट होते.

तर पुढं त्या रात्री. भाच्यानं फुटबॉल लावला आणि ती नव्या रिमोटची पाटी आली. त्यानं डोकं लावलं. त्या गेमच्या दोन आवृत्त्या असतात, पीएस४ ची वेगळी आणि पीएस५ ची वेगळी. गेमच्या नावाजवळ तीन ठिपके असतात, तिथून आवृत्ती बदलता येते. पीएस४ ची निवडली की नवा आणि जुना दोन्ही रिमोट चालतात, एक जण नवा घेऊन बसला अन् दुसरा जुना तरी काही बिघडत नाही. फक्त ती आवृत्ती वेगळी डाउनलोड करावी लागते, आणि तिथंच आमचं अडलं, माझ्या माहेरी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ती कुठली उतरते. दुसऱ्या दिवशी सगळे पोरं गच्चीवर क्रिकेट खेळले, खऱ्या बॅटनं.

हेच तुझ्या कामाचं आहे भाऊ. तुम्ही चौघं जे खेळता ते बहुतेक सगळं पीएस४ च्या रूपात मिळतेच. टेकन ७ पीएस४ चाच गेम आहे, तो पीएस५ वर टाकला की चारही जुने रिमोट चालतील, दोघं खेळा आणि दोघं पाळी बघा. क्रिकेट २४ दोन्हीसाठी निघालाय. फुटबॉलचंही तसंच. पीएस५ वर एका वेळी चार रिमोट जोडता येतात, प्रत्येकाला वेगळा युजर लागते, गेस्ट म्हणूनही चालते. म्हणजे शनिवारची बैठक मोडायचं कारणच नाही. पीएस४ ची आवृत्ती खेळली तं चित्र थोडं कमी झळाळेल, पण जुन्या पीएस४ पेक्षा लोड लवकर होईल, आणि ओसरीतल्या टीव्हीवर तो फरक कोणी विचारणार नाही.

नव्या रिमोटशिवाय भागत नाही असे गेम पण आहेत, ते लपवत नाही. स्पायडर-मॅन २ पीएस५ वर आहे, पीएस४ वर नाहीच. जीटीए ६ ज्याची सगळे वाट पाहून राहिले, तो कंपनीनं पीएस५ आणि मायक्रोसॉफ्टच्या नव्या एक्सबॉक्स मशीनसाठीच जाहीर केला, पीएस४ ला नाही. पण हे गेम घरात एका वेळी एकट्यानं खेळायचे, त्यांना एकच रिमोट लागते आणि तो तुला आतेभावाकडून मिळूनच राहिला. अडचण कुठे येईल, तं दोघांनी सोबत खेळायचे आणि पीएस४ साठी निघालेच नाहीत असे गेम, स्प्लिट फिक्शनसारखे. तिथं दोन नवे रिमोट पाहिजेतच. म्हणून तीन नवे घ्यायचे का याचं माझं उत्तर नाही असं आहे. घ्यायचाच तं पुढंमागं एक घे, तोही असा गेम खरंच आणला तर. २०२१ मध्ये भारतात पीएस५ आला तेव्हा एक ड्युअलसेन्स ५,९९० रुपयाला होता. त्या भावानं तीन घेतले तं जवळजवळ अठरा हजार झाले, आणि अख्खं मशीन तुला पंचवीस हजारात मिळून राहिलं.

पण तुझ्या पत्रात एक गोष्ट कुठंच नाही आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. तू रिमोटचं विचारलंस, डिस्कचं विचारलंच नाहीस. तुझ्याकडचे गेम डिस्कवरचे आहेत असं पत्रावरून वाटते, कारण "दोन सीडी काकाच्या पोराकडे राहतात" असं तू लिहिलंय. पीएस५ दोन प्रकारचा येतो, एकात डिस्क घालायची फट असते, दुसऱ्यात, डिजिटल एडिशनमध्ये, ती नसतेच. आतेभावाचा डिजिटलवाला निघाला तं तुझ्या एकाही डिस्कचा उपयोग नाही, चार काय चाळीस रिमोट चालले तरी. २०२० चा पहिला डिजिटल मॉडेल असला तं त्याला नंतरही डिस्क ड्राइव्ह लागत नाही. २०२३ मध्ये जो बारीक मॉडेल आला त्याला वेगळा विकत घेऊन लावता येते, पण पहिल्यांदा लावताना इंटरनेट लागते. भारतात पहिल्या दिवशी डिस्कवाला ४९,९९० आणि डिजिटल ३९,९९० रुपयाला होता, म्हणजे दहा हजाराचा फरक फक्त त्या फटीचाच. तेव्हा पैशाची बोलणी पुढं न्यायच्या आधी आतेभावाला फोन करून एवढंच विचार, दादा, डिस्क जाते का त्याच्यात. नाही म्हणाला तं पंचवीस हजार तुझ्यासाठी जास्त आहेत असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि पुढं डिस्क घेताना, हे सगळ्यांनीच ध्यानात ठेवावं, ज्या गेमच्या दोन्ही आवृत्त्या आहेत त्याची पीएस४ चीच डिस्क घ्यायची. पीएस४ ची डिस्क दोन्ही मशीनमध्ये जाते, जुन्या रिमोटनं चालते, आणि सेकंडहँड स्वस्त मिळते. पीएस५ ची डिस्क पीएस४ मध्ये चालत नाही, आणि त्या डिस्कवर पीएस४ ची आवृत्ती असेलच असं समजू नको. डब्यावर वरच्या पट्टीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असते, पैसे द्यायच्या आधी ते वाचायचं.

इंटरनेटचं तुला मी काय सांगू, सेवा केंद्र चालवतोस, सर्व्हर डाउन म्हणजे काय ते तुझ्याहून जास्त कोणाला माहीत. आजकालचे गेम पन्नास-पन्नास, शंभर-शंभर जीबीचे असतात, रोजच्या दीड-दोन जीबीवर ते उतरवायचे तं पेरणीपासून वेचणी येईल. म्हणून मशीन पुण्यातून निघायच्या आधीच आतेभावाच्या वायफायवर सगळे अपडेट करून घे, आणि जे गेम डिजिटल घेतलेले असतील त्यांच्या पीएस४ च्या आवृत्त्या पण तिथंच उतरवून घे. त्याचे डिजिटल गेम त्याच्या अकाउंटवर आहेत, तो अकाउंट काढून नेईल तं ते गेम जातील, हे आधीच बोलून घ्या म्हणजे पुढं मनात राहत नाही. तुझ्या पीएस४ ला बाहेरची हार्ड डिस्क लावलेली असेल तं ती तशीच काढून पीएस५ ला लाव, त्यावरचे पीएस४ चे गेम तिथूनच चालतात, पुन्हा उतरवायची गरज नाही. गेमचं सेव्ह केलेलं पण पेन ड्राइव्हवर घेऊन पीएस५ मध्ये टाकता येते, पण तेही त्याच गेमच्या पीएस४ आवृत्तीत. तुमच्या चौघांची क्रिकेटची करिअर मोड दोन वर्षांची असेल तं ती अशी वाचते.

लाइनचं पण बोललं पाहिजे. गावठाण फीडर वेगळा झाला तरी उन्हाळ्यात व्होल्टेज कसं नाचते ते तू पाहतोसच. पीएस५ नवा गेम चालवताना दोनशे वॅटच्या आसपास घेतो, तुझा जुना त्याच्या निम्म्याच्याही खाली असेल. घरचा इन्व्हर्टर पंखे, बल्ब आणि टीव्ही ओढत असेल तं त्यावर हा नवीन बोजा किती वेळ झेपते ते आधी वायरमनला विचार. सेव्ह होता होता लाइन गेली तं सेव्ह खराब होऊ शकते, म्हणून वाऱ्या-वादळाच्या रात्री खेळूच नका, ते मी माझ्या पोरालाही सांगते आणि तो ऐकत नाही.

आता पीएस४ विकायचा का. काकांचं म्हणणं मला समजते, घरात दोन मशीन कशाला, एक गेलं तं चार पैसे हाती येतात. पण सात-आठ वर्षांच्या पीएस४ ला आज येऊन येऊन किती येतील, आणि त्या पैशात तू काय घेशील, तं एखाद-दुसरा नवा रिमोट. त्यापेक्षा एक वर्ष ठेव. पीएस५ बिघडला तं गावात दुरुस्ती नाही, यवतमाळ नाही तं नागपूर गाठावं लागेल, तेव्हा शनिवार कोरडा जाणार नाही. दुसरं असं की काकाच्या पोराचा रिमोट त्याचा आहे, शेजारच्याचा त्याचा आहे. चारही रिमोट विकायचा अधिकार तुझा नाही भाऊ, काकांचा तर अजिबात नाही. त्यांच्या दोघांसोबत बसून बोल. शेजारच्या पोट्ट्याला तर आजच सांग की तुझा रिमोट नव्यालाही लागते, त्याला कोणीतरी आधीच सांगितलं असेल की आता तुझं काम संपलं म्हणून, आणि तो काही बोलला नसेल.

रिमोट जुने झाले तं दुरुस्त होतात हे पण लोकांना माहीत नाही. ड्युअलशॉक ४ च्या मागं चार स्क्रू असतात, बस. आतली बॅटरी १,००० एमएएचची असते, चार-पाच वर्षांत दमते, नवी मिळते, आणि कनेक्टरवाली असते म्हणून डाग द्यायची पण गरज नाही. चार्जिंगची खाच ढिली झाली असेल, वायर धरून ठेवली तरच चार्ज होत असेल, तं ती खाच वेगळ्या छोट्या पट्टीवर असते, ती अख्खी बदलता येते, फक्त तिच्या रिबनला किती पिना आहेत ते जुनीसोबत ताडून घे, बारा पिनांची वेगळी आणि चौदा पिनांची वेगळी. काडी आपोआप एकीकडे सरकते, खेळाडू उभा असताना चालायला लागते, त्याला ड्रिफ्ट म्हणतात, आत धूळ गेली असेल तं आयसोप्रोपिल अल्कोहोलनं साफ करून कधी कधी सुटते, घासून झिजली असेल तं मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून काडीचा भाग बदलून घ्यावा लागते. तू कापसाच्या गंजी असलेल्या घरात राहतोस, कापसाची लव काडीच्या बुडाशी कशी जमते ते एकदा रबर वर करून पाय. माझ्या पोराच्या रिमोटमधून मी दातकोरणीनं काढली होती, पांढरी वातच निघाली बोटभर.

बाजारात हजार-बाराशेचे "फर्स्ट कॉपी" रिमोट मिळतात, दिसायला हुबेहूब. ते पीएस५ ला चालतीलच असा भरवसा कोणी देत नाही, सोनीचं म्हणणं आहे ते खऱ्या ड्युअलशॉक ४ बद्दल आणि परवाना दिलेल्या रिमोटबद्दल. तुझ्या चारमधला शेजारच्याचा असा असू शकते, म्हणून चारही सोबत नेऊन पाहायचे, एकावरून चारचं ठरवायचं नाही. तसंच एक अडॅप्टर म्हणून डबी मिळते, ती मधे लावली की जुना रिमोट नव्या गेमलाही चालते असं सांगतात. आम्ही एकदा एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवली होती, दोन महिने चालली, मग मशीनला अपडेट आलं आणि बंद. पैसे गेले. एक्सबॉक्सवाल्यांनी तर २०२३ च्या शेवटी परवाना नसलेले असे जोड अपडेटनं सरळ बंदच केले. मी कोणाला ती डबी घ्या म्हणणार नाही. गाडीचं स्टिअरिंग व्हील किंवा आर्केड स्टिक ज्यांच्याकडे परवानावाली आहे त्यांची गोष्ट वेगळी, ती बरीचशी पीएस५ च्या गेमलाही चालतात.

बाकीच्यांसाठी पटकन. एक्सबॉक्स वनचे रिमोट, २०१३ पासूनचे, नव्या सिरीज एक्स आणि सिरीज एस वर सगळ्या गेमला चालतात, तिथं ही खोलीची भानगड नाही. एक्सबॉक्स ३६० चे मात्र चालत नाहीत. निन्टेंडो कंपनीचा स्विच २ जून २०२५ मध्ये आला, त्याला पहिल्या स्विचचे जॉय-कॉन, म्हणजे बाजूला अडकवायचे छोटे रिमोट, आणि प्रो रिमोट वायरलेस जोडता येतात, फक्त जुने जॉय-कॉन त्याच्या बाजूला अडकत नाहीत कारण नव्याला लोहचुंबक आहे. पीएस३ चे रिमोट पीएस४ ला चालत नव्हते, पीएस५ ला पण नाही. आणि उलटं विचारणारे पण आहेत, नवा ड्युअलसेन्स पीएस४ ला सरळ जोडून चालत नाही. ज्यांच्याकडे कॉम्प्युटर आहे त्यांनी कोणताच जुना रिमोट टाकू नये, स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या गेमच्या ऑनलाइन दुकानातल्या गेमला, ड्युअलशॉक ४ ब्लूटूथनं नाही तं वायरनं मस्त चालते.

राहिले बाबा. तू लिहिलंस की पैसे सेवा केंद्राच्या कमाईचे आहेत, कापसाच्या चुकाऱ्याला हात लावणार नाही, म्हणून सांगायची काय गरज. मला वाटते की गरज आहे. मृग तोंडावर आहे, बियाणं, खत, डवरणीची मजुरी, सगळ्याची जुळवाजुळव तुमच्या घरी याच दिवसांत होते, आणि त्या दिवसांत घरात एक मोठं पांढरं मशीन अचानक टीव्हीखाली दिसलं तं बाबांना पैशाचं नाही, न सांगितल्याचं लागेल. तुझे पैसे आहेत, तू सव्वीसचा आहेस, परवानगी माग असं मी म्हणून नाही राहिली. सांग एवढंच. आतेभावाला विचार, पेरणी झाल्यावर दिलं तं चालते का. घरचाच माणूस आहे, महिना-दोन महिने थांबेल. नाही थांबला, दुसऱ्याला दिलं, तरी तुमचं काही अडत नाही, ओसरीत पीएस४ आहे आणि त्याला चारही रिमोट चालतात.

थांबला तं पुण्याला कोणी जाणार असेल त्याच्यासोबत, नाही तं तू स्वतः, चारही रिमोट आणि टेकनची डिस्क घेऊन जा. त्याच्या घरीच एकेक रिमोट लाव, गेम सुरू कर, प्रत्येकानं एक मॅच खेळून पाय, काडी सरकते का, बटन अडकते का. सगळं पाहून झालं की मग पैसे दे. आणि वायर डाटावाली ने, चार्जिंगची नको.